चादरीच्या निऱ्या

“हात.”

डॉक्टर विमल बगाडे पेशंटशी पहिला शब्द हाच बोलायच्या. नमस्कार नाही, बसा नाही, काय होतंय नाही. तुम्ही पडदा सारून आत गेलात की त्या टेबलावरून आपला उजवा पंजा पुढे करायच्या, भाजीवाल्याकडे सुट्टे मागावेत तसा, आणि म्हणायच्या, “हात.”

आणि माझ्यासारख्या माणसाची तिथेच पंचाईत व्हायची. कारण मी तेव्हा हात लपवत होतो.

आधी माझं सांगून टाकतो, म्हणजे बाईंकडे वळायला मोकळा. देवासला देवी म्हटलं की लोक टेकडीकडे बोट दाखवतात. आमची देवी खाली, गल्लीत. छोटं देऊळ, पण सरकारदरबाराच्या काळापासून आमच्या घराण्याकडे. तिची पूजा मी करतो, आणि तिला नऊवारी मी नेसवतो. हे दुसरं काम खरं. निऱ्या चिमटीत धरून एकावर एक बसवायच्या, सगळ्या सारख्या, आणि मेखलेखाली खोचायच्या. वडिलांनी माझ्या बोटांना ते शिकवलं. डोक्याला शिकवलं असतं तर विसरलो असतो.

त्या बोटांनाच रोग झाला. आधी कोपरांवर लाल चकंदळं उठली, वर चांदीसारख्या खपल्या. मग डोक्यात, मग हातांवर. नखांना टोचे पडले. आणि एका हिवाळ्यात मधलं बोट सुजून वांगं झालं. सकाळी मूठ वळेना. आरतीनंतर प्रसाद देताना एका माणसानं हात मागे घेतला. “पंडितजी, छूत का तो नहीं है ना?” असं फार अदबीनं विचारलं त्यानं. मेल्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी प्रसाद चमच्यानं द्यायला लागलो. मग देवीला नेसवण्याचं काम चुलतभाऊ रघूकडे गेलं, आणि मी बाहेर ओट्यावर चपला सांभाळल्यासारखा बसायला लागलो.

तर बाई.

त्या धारच्या. धार संस्थानाबरोबर आलेल्या शिंप्यांच्या घरातल्या. वडील शिवणकाम करायचे, आणि ते त्या लपवत तर नसतच, उलट मिरवत. “मी दोन कारागीर पाहिले,” म्हणायच्या, “एक बाबा, दुसरी चामडी. दोघांची शिवण दिसत नाही.” सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर धारला घरीच दवाखाना, आणि दर गुरुवारी देवासला एका औषधाच्या दुकानामागच्या खोलीत. धारहून इंदूर, इंदूरहून देवास, बसनं. लोक म्हणायचे, बाई, गाडी करा. त्या म्हणायच्या, “गाडीत एकटी बसून काय करू? बसमध्ये निदान चामड्या बघायला मिळतात.” आणि खरंच बघायच्या. शेजारच्या प्रवाशाच्या मानेवरचा डाग बघून त्याला हटकून विचारायच्या, आणि बिचारा पुढच्या थांब्यावर उतरायचा.

उंचीनं कमी, पांढऱ्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा, आणि तोंडात कायम मांडूच्या इमलीचा, म्हणजे गोरखचिंचेचा तुकडा. ती कवठाएवढ्या फळातली, आंबट, पिठूळ. कंडक्टर लोक मांडूहून आणून द्यायचे. बाई विचारात पडल्या की गालात ती फिरायला लागायची. फार वेळ फिरली तर समजायचं, काहीतरी भानगड आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. हातमोजा नाही, काही नाही. उघड्या हातानं. मला शेवटचं कोणी असं धरलं होतं ते आठवेना. घरातसुद्धा भांडं माझ्या हातात न देता समोर ठेवायची सवय लागली होती सगळ्यांना, वाईट मनानं नाही, पण लागली होती. बाईंनी अंगठ्यानं एकेक सांधा दाबायला सुरुवात केली. स्वतःच्या अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत दाबायच्या, त्याहून जास्त नाही, त्याहून कमी नाही, आणि प्रत्येक वेळी विचारायच्या, “दुखतं?”

मी म्हणालो, “थोडं.”

“थोडं काय? देवळात खोटं बोलतोस का रे भिया?”

“नाही.”

“मग इथे का?”

तपासून झालं. बाई म्हणाल्या, “सोरायसिस आहे. सांध्यांत उतरलाय. छूत नाही, पाप नाही, शाप नाही. तुझ्या अंगातले पहारेकरी वेडे झालेत, घरच्यांनाच मारून राहिलेत.” मग पेन उचललं, आणि परत खाली ठेवलं. “आता हे सांग, तुला काय करता येत नाही?”

मी म्हणालो, दुखतं, खाज येते, झोप नाही.

“ते मला दिसतंय. करता काय येत नाही?”

मी सांगितलं. नऊवारी, निऱ्या. सांगताना माझा आवाज फाटला, हे कबूल करायला मला लाज नाही. बाईंची इमली गालात थांबली. त्या उठल्या, तपासायच्या पलंगावरची चादर ओढली आणि माझ्या अंगावर टाकली.

“घाल निऱ्या.”

मी घातल्या. म्हणजे घालायला गेलो. तिसरीला चिमटी सुटली आणि चादर पायाशी पडली. बाईंनी ती उचलली, झटकली, पलंगावर घातली आणि म्हणाल्या, “ठीक. आता मला कळलं कुठपर्यंत पोचायचंय.”

ही त्यांची रीत होती. पुस्तकातली मोजमापं त्या करायच्याच, पण प्रत्येक पेशंटची एक आपली परीक्षा ठेवायच्या. राजगढच्या एका हलवायाला कणकेचा गोळा मळायला लावायच्या. डही गावाकडच्या एका आदिवासी बाईला पदराची गाठ मारून सोडायला सांगायच्या, आणि तिच्याशी तिच्या बोलीत बोलायच्या. माझी परीक्षा चादर. दर गुरुवारी आत गेलो की हात, दुखतं का, आणि मग चादर. पडद्याबाहेर थांबलेल्यांना वाटायचं, आत बाई पुजाऱ्याकडून कपडे आवरून घेताहेत.

आधी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या झाल्या. चामडी थोडी निवळली, बोटं नाही. मग रक्ताचे रिपोर्ट आले आणि इमली फार वेळ फिरली. लिव्हरला सोसवत नव्हतं. गोळ्या बंद. मी खचलो. तेव्हा बाईंनी त्या इंजेक्शनचं नाव काढलं. बायोलॉजिक म्हणतात त्याला. पोटाच्या किंवा मांडीच्या चामडीखाली आपलं आपण टोचायचं. महाग, पण ते कसं जमलं ती वेगळी कथा आणि ती सांगायची इथे गरज नाही.

भाद्रपद चालू होता. नवरात्राला महिना. माझ्या डोक्यात एकच, घटस्थापनेला देवीला मीच नेसवणार. म्हटलं, “बाई, आजच टोचा.”

“आज नाही. आधी छातीचा फोटो, टीबीचं रक्त, काविळीचं रक्त.”

सगळं केलं. टीबीचं रक्त वाकडं आलं. मला खोकला नाही, ताप नाही, मी म्हटलं काहीतरी घोटाळा असेल. बाई म्हणाल्या, “घोटाळा नाही. टीबी तुझ्या अंगात झोपून आहे. आपल्याकडे कितीतरी जणांच्या असतो, जन्मभर झोपून राहतो. पण हे इंजेक्शन वेड्या पहारेकऱ्यांना शांत करतं. पहारा ढिला पडला की तो झोपलेला उठतो. आधी त्याच्या गोळ्या सुरू करायच्या, महिनाभर तरी पोटात जाऊ द्यायच्या, मग इंजेक्शन. गोळ्या पुढेही चालूच.”

“म्हणजे नवरात्र गेलं.”

“हे गेलं.”

मी भडकलो. तसा मी चिडकाच, घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणालो, इंदूरला आजच्या आज टोचणारे पुष्कळ आहेत. तुम्हाला काय, तुमची देवी थोडीच आहे. तुम्ही तर देवळात पायही टाकत नाही!

बाई म्हणाल्या, “रागव. रागवायला हरकत नाही. पण मी लिहिणार नाही.” आणि पडद्याबाहेर बघून हाक मारली, “पुढचे!”

त्या नवरात्रात मी ओट्यावर बसलो. रघूनं मनापासून नेसवलं, त्याला बोल लावणार नाही, पण निऱ्या पुढून एक बोट वर, मागून दोन बोटं खाली. येणाऱ्या बायका बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. ते काही न बोलणं मला फार लागायचं. पण रोज सकाळी टीबीच्या गोळ्या गिळायचो. इंदूरला गेलो नाही. का नाही गेलो? कारण ज्या बाईनं माझा हात असा धरला तिनं “नाही” म्हटलेलं मोडायचा धीर झाला नाही, इतकंच.

थंडी लागल्यावर पहिलं इंजेक्शन झालं. बाईंनी आधी संत्र्यावर शिकवलं. “चिमटीत धर. कापडाला टाचणी लावताना बाबा धरायचे तसं. घाबरून कापड सोडलंस तर टाचणी वाकडी.” मी म्हटलं, चिमटीच तर येत नाही. त्या म्हणाल्या, “येईल तेवढी धर. हे टोचण्यापुरती येते.” आणि आली.

काय सांगू तुम्हाला! अंथरुणात खपल्यांचा सडा पडायचा तो कमी होत होत थांबला. कोपरं आधी गुलाबी, मग नुसती कोपरं. चैत्रात एका गुरुवारी चादरीच्या निऱ्या शेवटपर्यंत गेल्या. वाकड्या, पण गेल्या. बाईंनी नाक मुरडलं. “बाबांनी उसवायला लावल्या असत्या,” म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आनंद दाखवायची त्यांची तऱ्हा ही. मी घरून पेढे नेले तर हात लावला नाही. “फी घेतली. आता काही नाही.” पेशंटच्या हातचं काही म्हणून घ्यायच्या नाहीत, पाण्याखेरीज.

आणि मग आमच्या घरात तो प्रकार झाला.

आमच्या काकी, म्हणजे रघूच्या आई, घरातलं सोवळं त्यांच्या हाती. देवीचा नैवेद्य, गौरी-गणपती, सगळं त्या बघतात, आणि त्यांच्यापुढे माझी, रघूची, कोणाचीच मात्रा चालत नाही. गौरींच्या आदल्या दिवशी त्यांनी फ्रिज पुसून सोवळ्यात घेतला, नैवेद्याचं दूध आणि पुरण ठेवायला. आता मी एकदा जेवताना मोठ्या तोंडानं सांगून बसलो होतो की हे औषध कारखान्यात जिवंत पेशींकडून करवून घेतात, कुठल्यातरी जनावराच्या. ते काकींच्या ध्यानात. जनावराचं औषध आणि गौरीचं पुरण एका फळीवर? पण औषध बाहेर ठेवून बिघडवायच्याही नाहीत त्या, तेवढी त्यांची माझ्यावर माया. त्यांनी तोड काढली. बर्फाच्या कप्प्याला वेगळं दार आहे, म्हणजे ते वेगळं घर. तिथला विटाळ इथे येत नाही. शिवाय जास्त थंड, म्हणजे औषध जास्त चांगलं राहील. त्यांनी तो खोका चिमट्यानं उचलला आणि वर बर्फात ठेवून दिला.

गौरी विसर्जन झाल्यावर माझा टोचायचा दिवस. खोका जागेवर नाही. काकी कौतुकानं म्हणाल्या, “अरे, वर आहे. छान थंड ठेवलंय.” खोक्यावर पांढरा बर्फ चढलेला. मी बाईंना फोन लावला.

पलीकडे इमली फिरत असावी. मी विचारलं, “वितळू दिलं तर चालेल?”

“नाही. प्रथिन आहे ते. गोठलं की मोडतं. अंडं उकडलं की परत… बरं, तुला अंडं नको. दूध नासलं की परत दूध होतं का?”

“नाही.”

“फेकून दे. टोचू नकोस, माझी शपथ घाल स्वतःला.”

मी मटकन खाली बसलो. नवरात्र पुन्हा तीन आठवड्यांवर आलेलं. एक खेप चुकली तर बोटं परत वांगी होणार, असं मनानं घेतलं. दुकानदार म्हणे, नवीन यायला वेळ लागेल. काकी कोपऱ्यात पदर तोंडाला लावून रडत होत्या. त्यांच्यावर ओरडणार तरी कसं?

गुरुवारी दुपारी आमच्या दारात बाई उभ्या. मांडीवर बर्फाची पेटी घेऊन बसनं आल्या होत्या. इंदूरला कुठून मिळवलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं तर म्हणाल्या, “तुला टोचायचंय की चौकशी करायची?” टोचून झाल्यावर मला वाटलं निघतील. तर म्हणाल्या, “काकी कुठे आहेत?”

काकी सोवळ्यात, स्वयंपाकघरात. बाई आपण होऊन उंबऱ्याबाहेर बसल्या, पाट नको म्हणाल्या, जमिनीवर. मला वाटलं, आता झापणार. उलट काकींनीच सुरुवात केली.

“डॉक्टरीणबाई, खरं सांगा. ह्यात जनावर आहे का?”

मी बाईंना मागून खुणा करत होतो. नाही म्हणा, नाही म्हणा! एक शब्द खोटं, आणि सगळा प्रश्न मिटतो! बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आहे, काकी. म्हणजे होतं. उंदरासारखा एक लहान प्राणी असतो, त्याच्या पेशी कारखान्यात वाढवतात. त्या पेशी हे औषध तयार करतात. मग पेशी गाळून काढून टाकतात, औषध तेवढं उरतं. पण त्यांच्याशिवाय होत नाही, हे खरं.”

झालं, मी म्हटलं. संपलं. आता हे इंजेक्शन ह्या घरात परत येत नाही.

बैठकीत आमचा गणपती अजून बसलेला होता, अनंत चतुर्दशीपर्यंत असतो. काकींची नजर उंबऱ्यातून सरळ तिकडे गेली.

“उंदरासारखा म्हणजे, शेपटी असते?”

“असते. आखूड.”

“मोदक खाईल?”

“दाणे खातो. मोदक दिला तर सोडणार नाही.”

“मग तो आपलाच की हो!” काकी म्हणाल्या. “गणपतीनं त्याला पायाशी घेतलाय, मी कोण त्याला फ्रिजच्या बाहेर काढणार?”

आणि बाई हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलेलं तेवढंच, अगदी अंबाडा हलेपर्यंत. मग त्यांनी काकींना समजावलं. मधली फळी, मागच्या भिंतीला टेकवायचं नाही, बर्फात कधीच नाही. काकींनी एक झाकणाचा स्टीलचा डबा काढला, त्यात ते ठेवायचं ठरलं. त्या हळदीकुंकवाची बोटं घेऊन निघाल्या तर बाई म्हणाल्या, “डब्याला लावा. इंजेक्शनच्या पेनाला नको.” काकींनी नारळाची वडी पुढे केली. “फी घेतली,” बाई म्हणाल्या, आणि पाणी प्यायल्या. काकींना ते लागलं. पण दुसऱ्या क्षणी त्याच म्हणाल्या, “बाहेर काय बसलात? आत या ना.” आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा सोवळ्याच्या वेळी कोणी परकं ओलांडल्याचं मी पाहिलं नव्हतं. बाई आत गेल्या आणि फ्रिज उघडून फळी दाखवून आल्या.

त्या खोटं बोलल्या असत्या तर मी सुटलो असतो, आणि पुढे कधी कोणी काकींना खरं सांगितलं असतं तर काकी जन्मभर जळल्या असत्या. हे मला तेव्हा नाही, फार नंतर सुचलं. आजही तो डबा मधल्या फळीवर आहे, आणि काकी संकष्टीला त्याला फूल वाहतात.

बोटं वांगी झाली नाहीत. घटस्थापनेला पहाटे मी गाभाऱ्यात गेलो. हिरवी नऊवारी. चिमटीत पहिली निरी आली, मग दुसरी, तिसरी. तिसरीला मी क्षणभर थांबलो, चादर आठवली. मग पुढे गेलो. खोचल्या, आणि देवीच्या पायाशी बसून मनसोक्त रडलो. रघूनं दार लावून घेतलं, कोणी बघू नये म्हणून. भला माणूस.

अष्टमी त्या वर्षी गुरुवारी आली. संध्याकाळची आरती झाली, रांग लागलेली, मी नेहमीसारखा चमच्यानं खोबरं-साखर देत होतो. चमच्याची सवय गेली नव्हती. हात बरे झाले होते, पण हात पुढे करायचा धीर मागेच राहिला होता. रांगेत बघतो तर बाई. बसची पिशवी खांद्याला, चपला हातात, कारण ओट्यावर सांभाळायला आता मी नव्हतो.

त्यांनी देवीच्या तोंडाकडे पाहिलं की नाही मला माहीत नाही. हात जोडले नाहीत. त्यांची नजर सरळ खाली, निऱ्यांवर. वरून खालपर्यंत गेली, परत वर आली. गालात इमली फिरली. बाबा उसवायला लावतात की काय, म्हणून मी श्वास धरून उभा.

“बरोबर आहेत,” बाई म्हणाल्या.

मी चमचा भरला. त्यांनी पंजा पुढे केला. तोच, सुट्टे मागितल्यासारखा.

“चमचा ठेव खाली. हात.”

मागून कोणीतरी ओरडलं, “अरे आगे बढ़ो भिया!” बाई हलल्या नाहीत. मी चमचा ताटात ठेवला. बोटांनी खोबरं-साखर उचलली, त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी चपला खाली टाकल्या आणि मोकळ्या हातानं माझी बोटं धरली आणि सगळ्या रांगेसमोर, देवीसमोर, एकेक सांधा दाबला. नख पांढरं होईपर्यंत.

“दुखतं?”

“नाही, बाई.”

“देवळात खोटं बोलत नाहीस ना?”

“नाही.”

मग त्यांनी गालातली इमली पदरात काढून ठेवली, आणि माझ्या हातचा प्रसाद तिथेच, उभ्या उभ्या खाल्ला. तळहात चाटून पुसला. “आठची बस आहे,” म्हणाल्या, चपला उचलल्या, आणि गर्दीतून निघून गेल्या.

त्यानंतर गुरुवारी त्या आल्या नाहीत. दुकानवाला म्हणाला, तब्येत बरी नाही. मार्गशीर्षात धारहून फोन आला, त्या गेल्या. आता इंदूरच्या एका तरुण डॉक्टरांकडे जातो. चांगले आहेत, हसून बोलतात, हातमोजे घालतात. त्यांना चादरीचं सांगावंसं वाटतं, अजून सांगितलं नाही.

त्या अष्टमीला बाईंच्या मागे रांगेत एक बाई होती, कडेवर पोर. तिनं हे सगळं पाहिलं होतं. बाई बसला निघाल्यावर मी सवयीनं चमचा उचलायला गेलो, तर तिनं मान हलवली. आणि पोराचा हात धरून माझ्यापुढे केला.